एक छेद तीन आणि सुनंदाबाई

सुनंदाबाई काल गेल्या.
त्यांची नोकरी घालवणाऱ्यांत मीही होते.

शाळेच्या ग्रुपवर सकाळपासून सगळे हात जोडताहेत. म्हणून लिहितेय.

१९८८. नरडाण्याजवळचं आमचं गाव, नववीचा वर्ग. बाई यावलहून आलेल्या. गणित शिकवायच्या. पोस्ट टेम्पररी.

सहामाहीत प्रश्न आला: ०.३३३… ही संख्या परिमेय की अपरिमेय?

पेपर हेडसरांनी काढलेला. त्यांच्या उत्तरात 'अपरिमेय'. का, तर दशांश संपतच नाही.

बाईंनी मात्र आम्हाला फळ्यावर एकाला तीनने भागायला लावलं होतं. बाकी एक. परत भागलं, परत बाकी एक.

"संपत नाही म्हणून घाबरू नका. तोच आकडा परत येतो ना? मग ती अपूर्णांकात लिहिता येते, एक छेद तीन. म्हणजे परिमेयच. जी संपतही नाही आणि जिच्यात आकड्यांचा ठरावीक गट परत परत येतही नाही, ती अपरिमेय. दोनचं वर्गमूळ बघा."

'अपरिमेय' लिहिणाऱ्यांचे मार्क बाईंनी कापले. त्यात संस्थेच्या चेअरमनची पुतणी होती. तिचा पहिला नंबर गेला.

हेडसर म्हणाले, मार्क वाढवा.
"सर, उत्तर चुकलंय. चुकीला मार्क कसे देऊ?"

मग तक्रार झाली, बाई चुकीचं शिकवतात. चेअरमनसमोर मला बोलावलं, कारण वर्गात माझी वही सगळ्यात नीट.

माझे वडील, आबा, त्याच शाळेत शिपाई. सकाळी निघताना एवढंच बोलले,
"तू चूप ऱ्हाय, माय. मनी नोकरी तठेच शे."

"वही कुठंय?" चेअरमननी विचारलं.
"हरवली."
"बाईंनी काय शिकवलं होतं?"
"आठवत नाही."

बाई समोरच उभ्या होत्या. माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर.

वही दप्तरात होती, त्या भागाकारासकट.

जूनमध्ये त्यांची नेमणुकीची ऑर्डर निघाली नाही. पुढे कुठल्याच शाळेने घेतलं नाही. यावलला घरी ट्युशन घेत राहिल्या.

सत्त्याण्णवला जळगावच्या स्टँडवर भेटल्या. मी पाया पडले. माफी मागणार, तेवढ्यात त्यांनीच विचारलं,
"आबा आहेत ना अजून नोकरीत?"
"हो बाई. पुढच्या वर्षी रिटायर होतील."
"बरं झालं."

टोमणा नव्हता. टोमणा असता तर सोसला असता.

यावलची गाडी लागली, त्या चढल्या. माफी राहिली. नंतर इतकी वर्षं होती, तरी गेले नाही.

आज हेडसरांनी ग्रुपवर लिहिलंय, 'एक निष्ठावान शिक्षिका हरपली.'

सर, पुढच्याच वर्षी नववीच्या पेपरात तुम्ही तोच प्रश्न काढलात. आणि 'परिमेय' बरोबर धरलंत.
शाळेत सगळ्यांना कळलं. कोणी बोललं नाही. मीही नाही.

बाई, तुम्ही बरोबर होतात. मला माहीत होतं.

शेवटचा नमस्कार.