काही तक्रार नाई का?

सौंदडजवळच्या एका खेड्यात मी मास्तर होतो, तेव्हा ग्रामपंचायतीचा म्हातारा शिपाई घरपट्टी मागायला यायचा. दाराशी आला की आधी चपला काढायचा, मग खोकायचा. बाकी घरांतून त्याला आतूनच ओरडून उत्तर मिळायचं, "दिल्लीहून निधी येऊन राहिला ना, मंग पट्टी कायले?" दारसुद्धा कोणी उघडत नसे.

एकदा मी पैसे दिले, त्याने पावती फाडली, तरी तो उंबऱ्यापाशीच घुटमळला.

"काही तक्रार नाई का, गुरुजी?"

"नाही बुवा. का?"

"पट्टी देत होते तवा लोक भांडत जी. नळासाठी, नालीसाठी. कोणी चहा पाजून भांडे. आता सारं दिल्लीहून येते, मंग माह्यासंग कोण भांडते?"

मला त्याच्याकडे पाहवेना. नळाला पाणी कमी येतं, असं मी चक्क खोटं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो पाना घेऊन हजर! तोटी फिरवली, तर बघता बघता बादली भरून वाहू लागली. मी खजील झालो. त्याने तोटी बंद केली, पाना पिशवीत ठेवला आणि चहाला बसला.

जाताना हळूच म्हणाला, "असंच सांगत जा जी."