दादाने तपासलेली प्रत

आमच्या मावशींना मुलाखतीतला खोकलासुद्धा गाळलेला चालत नसे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात तळमजल्यावर आमचा विभाग आहे. विद्यार्थ्यांचे प्रबंध आणि शहरातल्या जुन्या माणसांच्या मुलाखती आम्ही संगणकावर चढवतो, म्हणजे कुणालाही घरबसल्या वाचता येतात. प्रबंध स्कॅन करणारी मी आणि मुलाखती ऐकून टाइप करणाऱ्या मावशी. बोलणारा खोकला तर कंसात 'खोकतो', रडला तर 'रडतो'. मी चिडून म्हणायचे, "आता शिंकासुद्धा लिहा." त्या हेडफोन न काढता म्हणायच्या, "शिंकला तर लिहीन की."

त्यांच्या घरचं मला एवढंच ठाऊक होतं. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, आणि थोरला भाऊ याच शहरात असून बोलत नाही. तरुणपणी मावशी काचेच्या कारखान्यात ऑफिसात टायपिस्ट होत्या, दादा भट्टीवर. संप झाला. कामगारांनी फाटक अडवलं तरी मावशी मागच्या दाराने कामाला जात राहिल्या, आणि दादाला काढून टाकल्याचं पत्रही त्यांच्याच हातून टाइप झालं. "मी नसतं केलं तर दुसरीनं केलं असतं," एवढंच त्यांचं म्हणणं. दादाने तोंड फिरवलं ते कायमचं. लग्नाला आला नाही, नवऱ्याच्या मयतीलाही नाही.

यंदा एका विद्यार्थिनीने त्याच कारखान्यावर प्रबंध लिहिला. तिने घेतलेल्या मुलाखती आमच्याकडे आल्या. एका दुपारी मावशींची बोटं थांबली. हेडफोनची एक बाजू त्यांनी माझ्या कानाला लावली. एक खरखरीत म्हातारा आवाज भट्टीबद्दल बोलत होता.

"दादा आहे," मावशी म्हणाल्या.

पुढे विद्यार्थिनीने विचारलं, "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"बायको गेली. पोरं झाली नाहीत."

"भाऊ, बहीण?"

"कोणी नाही."

मावशींनी टाइप केलं, कोणी नाही.

माझं डोकंच फिरलं. "गाळा ना तेवढं! कोण बघायला येतंय?"

"बोललाय तो. माझ्या हातात काय आहे?"

पण आमच्याकडे एक पद्धत आहे. टाइप केलेली प्रत आधी बोलणाऱ्याकडे जाते. तो वाचतो, चुकलंमाकलं दुरुस्त करून सही करतो, मगच ती संग्रहात चढते. प्रतीच्या शेवटी टाइप करणाऱ्याचं नावही असतं. मावशींनी या वेळी तिथे माहेरचं आडनावसुद्धा घातलं. "नाव बघेल तो," त्या म्हणाल्या. "बघितलं की वाटेल त्याला काहीतरी." मग त्यांचा जीव टांगणीला लागला. विद्यार्थिनी जिन्यात दिसली तरी विचारायच्या, "प्रत आली का गं?" ती बिचारी आम्हाला टाळायला लागली.

प्रत आली. दादाने मन लावून वाचली होती. भट्टी किती तापायची तो आकडा सुधारला होता, एका सोबत्याचं नाव सुधारलं होतं. मावशी भराभर पानं उलटत त्या ओळीपाशी आल्या. 'कोणी नाही'वर काट मारलेली होती.

"खोडलं गं त्यानं!" त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

मी वाकून शेजारचं अक्षर वाचलं. 'एक बहीण होती. संपाच्या वर्षी वारली.'

शेवटच्या पानावर मावशींच्या नावाला लागूनच त्याची सही होती, म्हणजे नाव त्याने वाचलं होतं. तसंच उठून जावं आणि त्या म्हाताऱ्याला चार शब्द सुनावावेत असं वाटलं.

मावशींनी चष्मा पुसला. जुनी ओळ काढली आणि नवी टाइप करायला घेतली.

"नका हो," मी म्हटलं. आवाज माझाच रडवेला झाला होता. "तुम्ही जिवंत आहात, मावशी."

त्यांनी ओळ पुरी केली. "आधी कोणी नाही म्हणाला होता," पडद्याकडे बघत त्या म्हणाल्या. "आता बहीण होती, एवढं तरी म्हणतोय."