चाकामागचा ठोकळा

नवी पिकअप बघून शोरूममधून निघालो, तेव्हा इंजिनाची ताकद किती आणि मागे वजन किती ओढेल, एवढंच डोक्यात घोळत होतं. घाटात पुढे एक जुनी पिकअप मळणी यंत्र ओढत रांगत होती. यंत्राच्या चाकाशेजारून एक बाई हातात लाकडी ठोकळा घेऊन चालत होती. गाडी दम खायला थांबली, की ती ठोकळा चाकामागे सरकवायची.

मी काच खाली करून विचारलं, "वहिनी, गाडीला झेपत नाही का?"

"झेपतंय की! पण माघारी घसरली तर? मी मागं हाय म्हटल्यावर ह्यांचा पाय डगमगत नाही."

मला आधी हसू आलं, मग ओसरलं. ओढायची ताकद आपण सगळेच विचारतो, मिरवतोही. पण चढावर कधीतरी थांबावं लागतं, आणि तेव्हा ओढलेलं सगळं वजन उलटं आपल्यालाच खेचू लागतं.

सपाटी आल्यावर ती नवऱ्याशेजारी जाऊन बसली, ठोकळा मांडीवर घेऊन.

माझ्या शेजारच्या सीटवर पिकअपचं माहितीपत्रक होतं. बायको गेल्यापासून ती जागा रिकामी दिसू नये म्हणून मी तिथं काहीतरी ठेवतोच.