प्रेसघरातला गोलकीपर

“टाइमबाबू, एक तर गोलकीपर आणा, नाहीतर ते गोलाचे खांब उपटून घरी न्या. चुलीत तरी जातील!”

कापसाचे अडते गुलाबराव आमच्या कापसाच्या जिनाच्या फाटकातून आत शिरले ते हे ओरडतच. मागे त्यांची दहा-बारा माणसं. आदल्या दिवशी दोस्तीच्या मॅचमध्ये आमच्या टीमनं बुलढाण्याच्या टीमकडून सात गोल खाल्ले होते, आणि शेवटच्या तीन गोलांना टाळ्या वाजवल्या त्या आमच्याच लोकांनी. मलकापूरच्या माणसाची ही खोडच. आपली टीम जिंकली तर म्हणणार, त्यात काय एवढं. हरली की पाहुण्यांच्या आधी हेच हुर्यो उडवणार. आणि त्यात गुलाबरावांचा गळा सगळ्यांत मोठा.

मी त्या जिन-प्रेसमध्ये टाइमकीपर होतो. कोण कामाला आलं, किती वाजता आलं, कधी गेलं, ते मस्टरमध्ये, म्हणजे हजेरीच्या रजिस्टरात, लिहायचं. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण डी. सी. साहेबांच्या, म्हणजे जिल्ह्याच्या डेप्युटी कमिशनरांच्या, शील्डचा नियम होता की कारखान्याच्या टीममध्ये मस्टरवरचीच माणसं खेळतील. त्यामुळे गोलकीपरची भरती माझ्या टेबलावर येऊन पडली. आमचा जुना गोलकीपर वजनकाट्यावरचा क्लार्क होता. सातव्या गोलानंतर त्यानं गोलकीपरीचा राजीनामा दिला, तोही लेखी.

“नागपूरले माह्या साळ्याच्या ओळखीचा एक पोट्टा हाय,” गुलाबराव म्हणाले. “काय उडी मारते, बाप्पा! आणा त्याले.”

“तो मस्टरवर नाही.”

“मंग घाला ना! नाव लिहायले काय लागते? शाईच ना?”

“गुलाबराव, गाडीत तळाशी ओला कापूस कोण भरतं ते मला माहीत आहे. मस्टरमध्ये मी तसलं काही भरत नाही.”

मागची माणसं खो-खो हसली. गुलाबरावही हसले, पण जरा थांबून.

पुढचे चार-पाच दिवस गावात दुसरा विषय नव्हता. चहाच्या हॉटेलात दोन पार्ट्या पडल्या. एक नागपूरवाली, एक गावठी. गावठी पार्टीचं म्हणणं, तालमीतला पैलवान आणून जिनात चौकीदार म्हणून लावा, “अर्धा गोल तर थो नुसता उभा राहूनच बुजवते.” मी पैलवानाला एकदा ग्राउंडवर नेलं. त्यानं समोरून येणारा बॉल पाहिला, दंड थोपटले आणि पोटावर घेतला. बॉल अडला, पण पैलवानाला वाकता येईना, त्यामुळे खालून येणारे सगळे बॉल त्याच्या दोन पायांतून सरळ आत. कोणी म्हणालं उंच पाहिजे, कोणी म्हणालं बुटका पाहिजे. ज्यांनी जन्मात बॉलला पाय लावला नव्हता ते सगळ्यांत ठामपणे बोलत होते. 

इकडे मॅनेजर सबनीससाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब मुंबईकडचे. त्यांना फुटबॉलचं वेड नव्हतं, पण शील्ड देताना डी. सी. साहेब हात मिळवतात याचं होतं.

“हे पहा, जो गोलकीपर शील्ड मिळवून देईल, त्याला मी कायम करीन. सांगा सगळ्यांना.”

‘कायम’ या शब्दाचं वजन बाहेरच्यांना कळायचं नाही. जिन चालते कापसाच्या सीझनमध्ये, दिवाळी ते होळी. मग मशीन बंद आणि माणसंही बंद. फिटर, चौकीदार आणि माझ्यासारखे चार बाबू, एवढेच बारमाही. कायम झालेल्याला जिनाच्या लाइनीत राहायला एक खोलीही मिळायची.

त्या दुपारी मी हजेरी तपासत प्रेसघरात गेलो आणि मला किसन दिसला.

इथं जरा काम समजावून सांगतो. जिनात कापसातून सरकी निघते, राहते ती रुई. ती प्रेसघरात येते. तिथं एक खोल पेटी असते. पेटीत रुई भरायची, तुडवायची, दाबायची, की गठाण तयार. पेटीच्या तोंडाशी उंच माचा असतो, त्यावर एक माणूस. खालचे मजूर गोणपाटात बांधलेले रुईचे बोजे वर फेकतात. माच्यावरचा माणूस ते झेलतो आणि मागे पेटीत टाकतो. मागे वळून पाहायची सोय नाही, कारण तोवर पुढचा बोजा आलेला असतो.

त्या माच्यावर किसन होता. मोताळ्याकडचा, वाळका, लांब हातांचा. बोजा डोक्यावरून येवो, गुडघ्याशी येवो, तिरपा येवो, एकही खाली पडत नव्हता. मी घड्याळ लावून पाव तास उभा राहिलो. एकही नाही! मी मनात म्हणालो, अरे, हाच की आपला गोलकीपर, आणि गाव बसलंय नागपूरची वाट बघत.

“किसन, फुटबॉल खेळशील?”

“कायले बाबू? मले येत नाई.”

“शील्ड मिळाली तर साहेब कायम करणार आहेत.”

तो माच्यावरून खाली उतरला. दोन्ही हात जोडून म्हणाला, “बाबू, कायम झालो तं मले सोनाळ्याले जा लागणार नाई.”

सोनाळ्याला त्याची सासुरवाडी. घरचं शेत तिघा भावांत टीचभर. त्यामुळे सीझन संपला की बायकोला घेऊन सहा-सात महिने सासऱ्याच्या दारी. सासरा वाईट नव्हता, पण तोंडाचा फाटका. आल्या-गेल्याला ओळख करून द्यायचा, “हे आमचे जावई. पाहुणे आलेत. होळीपासून.” किसन हे सांगताना हसला, पण मला त्याचं हसू काही पाहवलं नाही.

आठ दिवस प्रॅक्टिस झाली. आमच्याकडे बॉल एकच. कोणीतरी मारायचा, किसन झेलायचा, खाली ठेवायचा, पाणी प्यायचा. मग दुसरा. त्यानं इतके झेलले की गावठी पार्टीनं त्याला हॉटेलात नेऊन भजी खाऊ घातली. गुलाबरावसुद्धा म्हणाले, “हाव, बरा हाय. नागपूरच्यावाणी नाई, पण बरा हाय.”

पाहता पाहता आम्ही फायनलला पोचलो. त्याचं श्रेय मी घेऊन टाकलं. खरं म्हणजे एक टीम आलीच नाही, आणि दुसरीचा फॉरवर्ड तापानं फणफणला होता. किसनकडे बॉल फारसा आलाच नव्हता. हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

फायनल खामगावशी. शाळेचं ग्राउंड माणसांनी भरून गेलं होतं. पुढे खुर्चीवर डी. सी. साहेब, शेजारी सबनीससाहेब. आणि दोरीच्या कडेला पांढरा फेटा बांधून किसनचा सासरा. सोनाळ्याहून खास आला होता.

खामगावची टीम चांगली होती. पहिला हाफ संपायला आला तेव्हा त्यांनी आमच्या गोलासमोर नुसता धुमाकूळ घातला. एक बॉल आला, किसननं ढकलला. तो परत आला, किसननं परत ढकलला. लोक ओरडायला लागले. तिसरा आला छातीच्या उंचीवर, मस्त, सरळ. किसननं तो अलगद झेलला. आणि खांद्यावरून मागे टाकला.

आपल्याच गोलात!

टाकून तो पुन्हा हात पसरून पुढच्याची वाट पाहत उभा. रेफरी म्हणजे हायस्कूलचे ड्रिलमास्तर. ते तोंडात शिट्टी धरून उभे राहिले, वाजवायची विसरले.

मला मात्र एका क्षणात सगळं कळलं. एक-एक बॉल आला की त्याला विचार करायला वेळ मिळे. लागोपाठ आले की हात माच्यावरचं काम करत. पुढून घ्यायचं, मागे टाकायचं, वळून पाहायचं नाही. चार सीझन मीच त्याची हजेरी लिहीत होतो, आणि मीच हे पाहिलं नव्हतं.

मग हुर्यो सुरू झाली. अशी हुर्यो मी आयुष्यात पुन्हा ऐकली नाही. पत्र्याचे डबे वाजले, चपला उडाल्या. “खामगाववाल्यांनो, घेऊन जा बे याले, तुमचाच हाय!” गुलाबराव तर दोरीवर चढायचे बाकी होते. “म्या सांगतलं होतं! नागपूरचा आणा म्हणून म्या बोंबलून सांगतलं होतं!” आणि या सगळ्यात एक पांढरा फेटाही हलत होता. सासराच ओरडत होता, “घरी पाठवा त्याले! घरी पाठवा!”

आता घरी म्हणजे कुणाच्या, हे त्याच्या ध्यानात आलं नसावं.

हाफ टाइमला साहेब लालबुंद होऊन माझ्याकडे आले. “त्याला आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. आणि उद्या मस्टरवरूनही.”

“साहेब, चूक माझी आहे.”

“मग तुमचंही नाव पाहू.”

किसन खांबाला टेकून बसला होता. रडत नव्हता, नुसते हात उलटेपालटे करून पाहत होता. “बाबू, म्या नाई टाकला. हातानं टाकला.”

मला भयंकर वाईट वाटलं. आणि रागही आला, सगळ्यांचा. त्या रागातच साहेबांचा हुकूम बाजूला सारला आणि डोकं चाललं. म्हटलं, प्रेसघरात हा मागे टाकतो तेव्हा काही बिघडतं का? नाही. कारण मागे पेटी असते. मग इथंही मागे काहीतरी ठेवलं तर?

आमचा फुलबॅक फिटर रहमान. त्याला बाजूला घेतलं. “रहमानभाई, तुम्ही किसनच्या मागे, गोलाच्या रेषेवर उभे राहा. तो जे मागे टाकेल ते तुम्ही लाथेनं पुढे पाठवा.”

“मतलब मैं पेटी?”

“तुम्ही पेटी.”

ड्रिलमास्तरांना विचारलं. त्यांनी खिशातलं नियमांचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं आणि म्हणाले, “विचित्र आहे. पण मनाई नाही.”

दुसरा हाफ सुरू झाला. खामगावचा बॉल आला, किसननं झेलला, मागे टाकला. लोकांनी डोक्याला हात लावले. रहमाननं धाड करून तो अर्ध्या ग्राउंडपलीकडे पाठवला. पुन्हा आला, झेलला, टाकला, धाड! तिसऱ्या-चौथ्या खेपेला दोघांची लय लागली. खामगाववाल्यांची पंचाईत अशी, की किसननं बॉल मागे टाकला की त्यांना वाटे गोल झाला. एकदा ते असेच हात वर करून नाचायला लागले, त्यांचा गोलकीपरसुद्धा पुढे धावत आला, आणि रहमानची लाथ बसलेला बॉल आमच्या फॉरवर्डच्या पायाशी येऊन पडला. समोर मोकळा गोल. आंधळ्यानंही मारला असता.

एक-एक!

खामगावचे लोक चिडले आणि त्यांनी किसनला नावं ठेवायला सुरुवात केली. मग एक गंमत झाली. आमची माणसं एकदम उलटली. गुलाबराव त्यांच्या अंगावर धावून गेले. “ए, चूप बसा बे! आमच्या गोलकीपरले शिव्या द्याच्या तं आमी देऊ. तुमी कोण?” पांढरा फेटा तर दोरी ओलांडून आत आला होता. “जावई हाय माहा! हसता काऊन?”

मॅच बरोबरीत सुटली. नियमानं दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायची होती. खामगाववाल्यांनी रात्रीतून अक्कल खर्च केली आणि एक माणूस फक्त रहमानला अडवायला ठेवला. आम्ही तीन गोलांनी हरलो. शील्ड खामगावला गेली. परत येताना आमच्या लोकांनी पुन्हा हुर्यो उडवली, या वेळी माझी. काही जण म्हणत होते, रहमानला मागे उभं करायची आयडिया गुलाबरावांची होती, टाइमबाबूनं ती बिघडवली. गुलाबरावांनी ते नाकारलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी किसनचं नाव कापायची तयारी ठेवून ऑफिसात गेलो. साहेबांनी बोलावलं. समोर दोन दिवसांचा प्रेसचा रिपोर्ट. मॅचसाठी किसन दोन दिवस माच्यावर नव्हता. त्याच्या जागी आधी एक माणूस लावला, मग दोन. निम्मे बोजे खाली. गठाणी निम्म्याहून कमी. मुंबईहून तारेनं विचारणा आली होती, प्रेस बिघडली काय?

साहेबांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

“त्याला कायम करा.”

“शील्ड तर नाही मिळाली, साहेब.”

“मला अक्कल शिकवू नका. लिहा, प्रेससाठी आवश्यक. आणि एक अट लिहा. पुन्हा ग्राउंडवर पाय ठेवायचा नाही.”

नोकरीत पुढे मी शेकड्यांनी माणसं भरती केली. तेव्हापासून एक नियम पाळला. माणूस किती झेलतो हे पाहून भुलायचं नाही, झेललेलं कुठं टाकतो तेही उभं राहून पाहायचं.

हुकूम घेऊन मी स्वतः प्रेसघरात गेलो. आवाज एवढा की ओरडावं लागलं. “किसन! तू कायम झालास! खोली मिळणार तुला!”

नेमका त्याच वेळी खालून बोजा आला होता. त्यानं तो झेलला, पण मागे टाकला नाही. तसाच छातीशी घट्ट धरून उभा राहिला. पुढचे दोन बोजे त्याच्या पायाशी पडले, खालचे मजूर शिव्या द्यायला लागले, तरी सोडेना.

फायनलला एवढं जमलं असतं, तर शील्ड आमची होती.