पेल्याचा काठ

रविवारी आमच्या गावच्या चर्चमध्ये वेदीवर नवा ट्रे दिसला. प्रभुभोजनाचा द्राक्षारस प्लास्टिकच्या इवल्याशा पेल्यांत ओतून ठेवला होता. सगळ्यांचा मिळून एकच असलेला जुना चांदीचा पेला कपाटात होता.

"हे काय?" मी उभी राहून विचारलं.

"आजी, आजार पसरतात," तरुण पाळकसाहेब म्हणाले. "आता ज्याचा त्याचा वेगळा."

"वेगळा पेला आम्हाला चहाच्या दुकानातही मिळायचा. त्यासाठी चर्चमध्ये कशाला यायचं?"

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. पाळकसाहेब हसले नाहीत.

माझी आजी महारवाड्यातली. बाप्तिस्मा घेतला तेव्हा रांगेत तिच्या पुढे मांगवाड्यातली बाई होती. दोघींना एकमेकींच्या घरचं पाणी चालत नव्हतं. पहिल्या प्रभुभोजनाला तो पेला त्या बाईच्या ओठांवरून आजीकडे आला. आजीनं डोळे मिटले आणि ती प्यायली. पुढे दोघी विहिणी झाल्या, म्हणून मी जन्मले.

शिवाशिव बंद करायचा कायदा देशानं नंतर केला. चांगलंच केलं. आमच्या बाया त्याच्या आधीपासून तो घोट घेत होत्या.

हे मी सगळ्यांसमोर सांगितलं, तेव्हा पाळकसाहेबांनी कपाट उघडून जुना पेला काढला. "खोकला असेल त्यांनी ट्रेमधलं घ्या," ते म्हणाले, "बाकीचे इकडे या."

सगळे बाक रिकामे झाले. खोकणारा शांतवन तेवढा ट्रेकडे गेला, तोही कुरकुरत.

माझी पाळी आली. पेल्याचा काठ माझ्या पुढच्या बाईच्या ओठांनी ओला होता. मी तो पुसला नाही.