तीन गाठींचा कपलर

भूत, करणी, अंगात येणं... आमच्या घरात हे शब्द फक्त हसण्यासाठी निघायचे. बाबांनी बैठकीत धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा लावल्या होत्या आणि त्या पाळल्याही. मी भंडाऱ्याला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. पुढचं वाचून कुणी माझा तसल्या गोष्टींवर विश्वास बसला असं समजू नये. घडलं तेवढं लिहून ठेवतोय.

गाव सिहोरा, तालुका तुमसर. बाबा राईस मिलमध्ये पोती शिवायचे. डावखुरे होते, त्यांची गाठ उलटी पडायची. गोंदिया वेगळा जिल्हा होण्याआधी घेतलेली मोटारसायकल ते स्वतःच दुरुस्त करायचे. दर दिवाळीनंतर हेडलाइट उघडून वायरींची टोकं जोडणारे कपलर सोडवायचे आणि ब्रशनं, पेट्रोलनं साफ करायचे. ऊन आणि तेलानं वायरींचे रंग कधीच गेले होते. म्हणून सोडवण्याआधी प्रत्येक जोडीच्या दोन्ही टोकांना पोतं शिवायच्या दोऱ्यानं गाठी मारायचे — एका जोडीला एक, दुसरीला दोन, अशा. काम झालं की दोरे कापून टाकायचे. मी शेजारी पुस्तक घेऊन बसलेला असायचो.

"वायर ओढाची नाई, कपलर धरून काढाचा. पाहून राहिला का?"

"हो बाबा."

"पुस्तकातच पाहून राहिला तू."

बाबा गेले त्याला वर्ष होत आलं. गाडी सपरीत, म्हणजे पुढच्या बंद पडवीत, तशीच उभी होती. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे विहारातल्या वर्षाच्या कार्यक्रमाच्या, दोन दिवस आधी आई म्हणाली, "त्या दिशी मी विहारात त्याईच्याच गाडीवर जाईन. बाकी मले काई नाई पायजे." वर्षभरात तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट.

गाडी सुरू होईना. गाड्या दुरुस्त करणारा मिस्त्री म्हणाला, कपलर कळंकले असतील, पण एवढ्या जुन्या वायरिंगला मी हात लावणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई डोळे दाखवायला तुमसरला गेली. मी बॅटरी काढली, हेडलाइट उघडला. आत सगळा हिरवा कळंक. नेटवरून काढलेला वायरिंगचा नकाशा शेजारी ठेवला आणि एकेक कपलर नीट धरून सोडवला. सहा जोड्या. शेवटचा सुटल्यावर लक्षात आलं — गाठी मारल्याच नाहीत.

मला काही वाटलं नाही. वर्षभर तसं काही वाटतच नव्हतं. बाराही टोकं पुसली. सपरीच्या दाराला आतून कडी लावली, भात खाल्ला, आडवा झालो. अर्धा तास झाला असेल.

उठून आलो तर बाराही टोकांना दोरे होते. एक गाठ, दोन, तीन... सहापर्यंत. कडी तशीच.

दुपारच्या एसटीनं आई आली. मी कडी काढली, दाखवलं. तिनं बोटांनी गाठी चाचपल्या. "उलट्या हायेत," म्हणाली. "त्याईच्या हायेत."

आम्ही दोघंही रडलो नाही.

एक अडचण होती. तीन गाठींच्या जोडीची कव्हरं मागे सारली तर आत रंग टिकले होते: एक वायर निळी, दुसरी पिवळी. नकाशात या दोन एकमेकींना लागतच नव्हत्या.

"चुकलं त जळन का, बाबू?"

"पूर्ण वायरिंग जळेल. उद्या गाडी निघणार नाही."

"जिंदगीभर त्याईनं सांगतलं, तवा आयकलं नाई. आता तरी आयक."

मी नकाशा घडी करून ठेवला. गाठी पाहून जोडलं. बॅटरी लावली. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. हेडलाइट लागला, हॉर्न वाजला.

दुसऱ्या दिवशी आई मागे बसून विहारात गेली. सगळ्या रस्त्यात तिचा हात माझ्या खांद्यावर होता.

पुढे मिस्त्रीनं उघडून पाहिलं. "सर, हे वायरिंगच दुसऱ्या गाडीचं हाये. तुमच्या बाबानं कधी बसवलं असन. नकाशानं जोडलं असतं त खाक झालं असतं. सांगतलं कोनं?"

मी दोऱ्यांच्या गाठींकडे बोट दाखवलं.

त्या गाठी झोपेत मीच बांधल्या असतील, असं एक मित्र म्हणतो. असेल. पण कितीदा करून पाहिलं, माझ्या हातानं तशी गाठ पडत नाही. आणि निळ्या-पिवळ्या वायरीचं मला माहीतच नव्हतं. याहून जास्त मला सांगता येत नाही.

या दिवाळीनंतर कपलर पुन्हा साफ केले. बाबांचे दोरे कापले नाहीत. सोडवण्याआधी त्यांच्या शेजारी माझ्या गाठी मारल्या.