दिवेवाल्याने आधी अंधार केला

माझ्या भाचीच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण माझ्यामुळे कोसळलं. दहावीला इंग्रजीत दोनदा नापास झालेल्या बाईने इंग्रजी साहित्याचं एवढं नुकसान केल्याचं दुसरं उदाहरण निदान कर्जत तालुक्यात तरी नसावं.

पुस्तक मी रद्दीच्या दुकानातून उचललं होतं. राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या कुणा साहेबाने मुलांसाठी लिहिलेलं, कापडी बांधणीचं आणि पानोपानी चित्रं असलेलं. चष्मा लावून पत्र लिहिणारा एक बगळा होता. झग्याच्या घेराखाली हंसांचं अख्खं बिऱ्हाड घेऊन फिरणारी एक बाई होती. आणि खांद्यावर शिडी, हातात लांब काठी घेऊन खांबाखाली उभा असलेला एक वाळका माणूस. भाऊ दर मे महिन्यात पुण्याहून लेकीला माझ्याकडे आणून सोडायचा. तिला मांडीवर घेऊन मी ओळींवरून बोट फिरवत गोष्ट ‘वाचायचे’. बोट ओळीवर, डोळे चित्रावर. बगळा पत्र कुणाला लिहितोय हे चित्रावरून कळेना, म्हणून मीच ठरवलं, स्वतःला. एकटं राहणाऱ्या बाईला असलं काही पटकन सुचतं.

शिडीवाल्याचं तर कोडंच नव्हतं. शिडी, काठी आणि खांब, म्हणजे आमच्याकडे वायरमन. वायरमन आधी डीपीवर जाऊन गल्लीची लाईन बंद करतो आणि मगच खांबावर चढतो. बंद न करता चढला तर घरी परत येत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे माझा दिवेवाला रोज तिन्हीसांजेला आधी सगळ्या गावाचे दिवे घालवायचा. मग अंधारात दारोदार जाऊन “घाबरू नका, मीच आहे,” असं सांगायचा आणि त्यानंतर एकेक दिवा लावत सुटायचा. अंधार झाला की भाची माझ्या पदरात तोंड खुपसायची. शेवटचा दिवा लागेपर्यंत बाहेर काढायची नाही.

मग ती मोठी झाली. मे महिने क्लासेसना गेले आणि फोन वाढदिवस-दिवाळीपुरते उरले. गेल्या वर्षी मात्र तिने अशाच जुन्या परीकथांमधली विक्षिप्त पात्रं आणि त्यांचे छुपे अर्थ हा विषय प्रबंधाला घेतला, आणि एका रविवारी सकाळी दहाला माझा फोन वाजला.

“आत्या, तो बगळा म्हणजे कोण, माहितीये?”

“आमचे हेडमास्तर?” मी त्यांच्याच शाळेत कारकून आहे.

“अगं, त्या काळचे सरकारी अधिकारी. नुसते कागद हलवायचे, काम शून्य.”

“मग हेडमास्तरच की.”

ती हसली. मग म्हणाली, “तिसरं प्रकरण पूर्ण दिवेवाल्यावर लिहिलंय. उजेड दिल्याचा मान मिळावा म्हणून आधी स्वतःच अंधार करणारा माणूस. म्हणजे आपल्यावर राज्य करणारा साहेब. सगळा अर्थ तिथेच आहे. पण आमच्या मॅडम म्हणतात, पुस्तकात असा प्रसंगच नाही. नेटवरच्या प्रतीतही सापडत नाही. आपल्या प्रतीत आहे ना? तू वाचून दाखवायचीस, मला चांगलं आठवतंय. तेवढ्या पानाचा फोटो पाठव.”

माझा वायरमन इतकी वर्षं इंग्रजी सत्तेवर टीका करत होता आणि मला पत्ता नव्हता. पुस्तक समोरच्याच कपाटात होतं. खरं सांगायचं तर तिथेच सांगायला हवं होतं. मी म्हणाले, “माळ्यावर असेल. बघते.”

पुढच्या रविवारी पुन्हा दहाला फोन. “सापडलं?”

“नाही गं अजून.”

आणि मग चाळीस मिनिटं गप्पा. त्याच्या पुढच्याही रविवारी तसंच. मी पोहे नऊलाच उरकायला लागले. रेंज येते त्या खिडकीशी खुर्ची कायमची ठेवली. शेजारीण म्हणाली, “बाई, एक पुस्तक घावंना व्हय? मी चढू का माळ्यावर?”

“नको, पाय घसरेल.”

“कपाटात तर लई पुस्तकं दिसत्यात.”

“ती वेगळी.”

असे सहा रविवार गेले. सातव्याच्या आदल्या दिवशी भाची न सांगता एसटीने येऊन दारात उभी. प्रबंध द्यायला आठवडा उरला होता. चहासुद्धा न घेता ओढणी कमरेला खोचून ती स्टुलावर चढली. जुनी पातेली, मोडका पाळणा, गाद्या, एकेक खाली येऊ लागलं. ती धुळीने शिंकत होती आणि मी खाली स्टूल धरून उभी होते, जसं काही मलाही आशा होती. तिने पत्र्याची पेटी ओढली तेव्हा मात्र मला राहवेना.

“उतर खाली,” मी म्हणाले आणि कपाटातून पुस्तक काढून तिच्या हातात दिलं.

तिने भराभरा पानं उलटली. “पान कुठलंय?”

“पान नाहीये.”

“फाटलं?”

“फाटलं नाही. मला इंग्रजी वाचता येत नव्हतं, बाळा. चित्रं बघून सांगायचे. तो वायरमन आहे.”

ती खाली काढलेल्या गादीवर बसली. पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, “सहा आठवडे मी मॅडमशी भांडतेय, आत्या. पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?”

मी पातेलं पुसत होते. ते आधीच स्वच्छ झालं होतं. “सांगितलं असतं, तर दुसऱ्या रविवारी फोन आला असता का?”

ती ‘हो’ म्हणाली नाही. खोटं बोलायची सवय तिला नाही, ती माझ्यावर गेलेली नाही. तिने शिडीवाल्याचं पान काढलं आणि मला मराठीत सांगितलं. खऱ्या गोष्टीत तो गावाचे दिवे लावतो, कुणाचंही दार वाजवत नाही आणि निघून जातो. दोनच ओळी. ती जेवली, चारच्या गाडीने गेली. पुस्तक माझ्याकडेच ठेवून गेली. तिला आता त्याचा उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. फोन आला नाही. साहजिक आहे, प्रकरण नव्याने लिहायचं होतं. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. आमच्या घरात मोठ्यांनी आपण होऊन फोन करायचा तो लग्न किंवा मयत असेल तरच, असा एक खुळा मान आहे. तिसऱ्या रविवारी सव्वादहाला मी नंबर लावला.

“आत्या? काय झालं?” तिचा आवाज घाबरलेला.

“काही नाही झालं.”

“मग?”

कारणं मी तयार ठेवली होती: लोणचं पाठवायचंय, भावाची शुगर कशी आहे, प्रबंध दिलास का. तोंडाशी एकही येईना.

“तुझी आठवण आली,” मी म्हणाले.

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

“थांब हं,” ती म्हणाली, “गॅस बंद करून येते.”

मी फोन कानाला लावून थांबले.